परग्रहावरची गोष्ट, टोमणा मात्र आपल्याला!

ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर आजचा भाग इथे वाचा.

आजचा प्रश्न साधा आहे. राजकारणावर थेट बोलू दिलं जात नसेल, तर काय करायचं? अमेरिकेत रॉड सर्लिंग नावाच्या एका टीव्ही लेखकाने यावर भारी उपाय काढला.

१९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. सगळे गोरे असलेल्या ज्यूरीने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. या प्रकरणावरून सर्लिंगने नाटक लिहिलं. ते १९५६ मध्ये टीव्हीवर आलं, पण कसं? प्रायोजकांना दक्षिणेतले प्रेक्षक दुखवायचे नव्हते. म्हणून गोष्ट उत्तरेतल्या न्यू इंग्लंडमध्ये हलवली. दक्षिणेची आठवण येते म्हणून सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा काढल्या! मूळ गोष्टच उरली नाही.

मग ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याने 'द ट्वायलाइट झोन' सुरू केलं. आता गोष्टीत यानं, रोबो, परग्रहवासी. प्रायोजकांना वाटलं, ही तर मुलांची करमणूक. कुणी अडवलं नाही.

त्यातला मार्च १९६० चा मेपल स्ट्रीटचा भाग बघाच. एका गल्लीत अचानक वीज जाते, फोन आणि गाड्या बंद पडतात. एक मुलगा म्हणतो, परग्रहवासी आपल्यातच माणसांच्या रूपात राहतात, मी गोष्टीत वाचलंय. झालं! एकाची गाडी आपोआप सुरू होते, म्हणजे तोच तो. दुसरा घरात रेडिओ बनवतो, म्हणजे तोही संशयित. अंधारातून कुणीतरी येताना दिसतं, गोळी सुटते. मेलेला माणूस शेजारीच निघतो. टेकडीवर खरे परग्रहवासी हे बघत बसलेले असतात. त्यांनी फक्त वीज घालवली, बाकीचं काम गल्लीनेच केलं. 'शेजारी कम्युनिस्ट असेल' या भीतीत ते दशक काढलेल्या अमेरिकेला इशारा कळण्यासारखा होता.

ही युक्ती पुढे इतरांनीही वापरली. १९६९ मध्ये 'स्टार ट्रेक'मध्ये दोन परग्रहवासी आले. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. तरी एकमेकांचा जीव घ्यायला टपलेले. कारण काय, तर एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची पांढरी! बघताना हसू येतं आणि मग आपलेच भेद आठवतात. १९८८ मध्ये ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'मध्ये एक वसाहत दाखवली, जिथे दुःखी असणं हाच गुन्हा. तिथली हुकूमशहा बाई तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यावर बेतलेली होती.

हे चालतं कसं? पक्षाचं नाव ऐकलं की आपण लगेच बाजू घेतो. परग्रहवासीयाचा मात्र कुठलाच पक्ष नसतो. आपण निवांत बघतो, मूर्ख कोण ते ठरवतो आणि मग लक्षात येतं, अरे, हे तर आपणच!

म्हणूनच नेत्याच्या फोटोवर खलनायकाचा मुखवटा चिकटवलेलं मीम लवकर विसरलं जातं. ते फक्त माणसाला नावं ठेवतं. चांगला उपहास सवय दाखवतो. माणसं बदलतात, सवय राहते.

मेपल स्ट्रीट किती जवळ आहे सांगू? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. त्या संशयावरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच माणसांना ठेचून मारलं. तिथे कुठलंही यान उतरलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर 'सावधान, सगळ्यांना पाठवा' असा मेसेज आला, तर बोट जरा थांबवा. टेकडीवरून कुणी बघत असेलही!

भेटू पुढच्या भागात.