लक्षवेधी लागली का?

पहाटे 5.30
चार दिवसांनी आज नळाला पाणी आलं. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या बोळात एकामागून एक मोटारी लागल्या. शेजारच्या अक्का घागर लावता लावता म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना सांगा की, विधानसभेत बोला म्हणावं." अधिवेशन सुरू झालं की हे वाक्य रोज कानावर पडतं. बोलायला साहेब केव्हाही तयार असतात. पण सभागृहात 288 आमदार आहेत आणि विषय आधी कामकाजात लागावा लागतो. तो लागावा म्हणून मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या 'लक्षवेधी' सूचनांचे मसुदे लिहायचे, हीच माझी नोकरी.

सकाळी 7.30
संपर्क कार्यालय उघडलं. पलीकडच्या कारखान्यात मागांची खडखड सुरू झालेली. वर्तमानपत्रांतली कात्रणं काढली. बातमी जितकी ताजी, तितकी सूचना जोरकस. विषय निकडीचा, निश्चित, सार्वजनिक महत्त्वाचा हवा. न्यायप्रविष्ट नको आणि याच अधिवेशनात चर्चा झालेलाही नको. यातलं एक जरी अडलं तरी कागद अध्यक्षांच्या दालनातच थांबतो, सभागृहाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सकाळी 8.15
मुंबईहून, आकाशवाणी आमदार निवासातून साहेबांचा फोन. "पाण्याचं काय झालं?" पहिली सूचना नामंजूर झाली होती. का, ते मसुदा पुन्हा वाचल्यावर कळत होतं. मी लिहिलं होतं, 'सोलापूर शहरात पाणीपुरवठा अनियमित असून महापालिकेचे दुर्लक्ष होत आहे.' हा झाला पालिकेचा कारभार. विधानसभेत उत्तर देणार मंत्री, तेव्हा ओळीत शासनाची जबाबदारी दिसली पाहिजे.

सकाळी 9.00
नवा मसुदा: 'उजनी धरणातून सोलापूर शहरासाठी प्रतिदिन 170 दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी योजना शासनाने हाती घेणे, तथापि अंतर्गत वितरण व्यवस्था अपुरी असल्याने नागरिकांना काही दिवसांआड पाणी मिळणे, त्यामुळे नागरिकांमध्ये पसरलेला तीव्र असंतोष, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व उपाययोजना.' तीच तहान, तेच नळ. पण आता प्रश्न नगरविकास विभागाच्या दारात गेला. 'तीव्र असंतोष' आणि 'करावयाची कार्यवाही' हे शब्द वाचून बाहेरचा माणूस हसेल. आमच्या धंद्यात ते ताण्यासारखे आहेत; ताणाच चुकला तर पुढं कितीही चांगलं विणा, चादर वाकडीच येणार. नियम 105 खाली सूचना मुंबईला पाठवली. साहेब विधान परिषदेचे सदस्य असते तर नियम 101 लिहिला असता.

सकाळी 11.00
मोबाईलवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं. विरोधकांची नियम 57 ची मागणी: प्रश्नोत्तरं बाजूला ठेवा, आमचा विषय आधी घ्या. अध्यक्षांनी अनुमती नाकारली. नवख्याला वाटतं, वेळ वाया गेला. पण नकार मिळेपर्यंत विषय दोन मिनिटं मांडून झालेला असतो, संध्याकाळच्या बातम्यांत तेवढाच पोचतो. ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणाऱ्या, नियम 97 च्या स्थगन प्रस्तावाचंही बहुतेकदा हेच होतं. त्याला जुनं कारण आहे. 1950 साली दिल्लीत संसदेच्या अध्यक्षपदावरून गणेश वासुदेव मावळंकरांनी सांगितलं, की मंत्री सभागृहाला जबाबदार झाल्यावर स्थगन हे चर्चेचं रोजचं साधन राहू नये. मग 1954 मध्ये लोकसभेच्या नियमांत लक्षवेधी आली. मंत्र्यानं निवेदन करायचं, सदस्यांनी खुलासा विचारायचा. मतदान नाही, म्हणून सरकारला धोका नाही. धोका नाही म्हणूनच ती मंजूर व्हायची शक्यता जास्त.

दुपारी 1.00
डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी. दोन विडी कामगार बायका आल्या. किमान वेतनाबद्दल मंत्र्यांनी दिलेलं उत्तर त्यांना पटलेलं नाही. "परत विचारा की." त्याच विषयावर लगेच लक्षवेधी दिली तर 'उत्तर झालेलं आहे' म्हणून परत येईल. उत्तरात जे अर्धवट राहिलं, त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. आकडे त्यांच्याकडून लिहून घेतले. एकीनं विचारलं, "ठराव करता येत नाही का?" येतो, पण अशासकीय ठरावाला शुक्रवार आणि बॅलटचं नशीब लागतं.

दुपारी 3.30
कामकाज सल्लागार समितीनं आठवड्याचं वाटप ठरवल्याचं कळलं. अध्यक्षांच्या या समितीत गटनेते असतात. विधेयकं, पुरवणी मागण्या, विरोधकांचा नियम 293 चा प्रस्ताव यांचे तास ठरले की उरलेल्यात लक्षवेधी. त्यांची गर्दी झाली की अध्यक्ष सकाळी विशेष बैठक लावतात. साहेबांचा पक्ष लहान, समितीत आमचं कुणी नाही. त्यामुळं दालनाबाहेर थांबून आठवण करून देणं हे साहेबांचं काम, ओळ नीट लिहून देणं माझं.

संध्याकाळी 5.00
पालिकेतून फोन. "विभागानं तातडीनं माहिती मागवलीय. भवानी पेठेत नेमका कुठं त्रास आहे?" म्हणजे सूचना मंजूर झाली! मंत्र्यांच्या निवेदनासाठी मंत्रालयातून पालिकेकडे विचारणा होते, पालिकेतून खाली. सभागृहात एक शब्द उच्चारला जाण्याआधी इथं फाईल हलते. नवा आमदार भाषणाची तयारी करतो. मुरलेला आमदार या फोनची वाट बघतो.

रात्री 9.00
उद्याची कामकाजपत्रिका मोबाईलवर आली. आमची लक्षवेधी अकरावी. वरच्या चार-पाच रंगल्या तर आमची राखून ठेवतील, किंवा निवेदन नुसतं पटलावर ठेवलं जाईल. छापील उत्तर हाती येईल; पण मंत्र्याला उलटा प्रश्न विचारता येणार नाही.

रात्री 9.45
साहेबांना तीन उपप्रश्न पाठवले. पेठेतल्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी हिप्परगा तलावातून येतं. तलाव आटला तर उजनीचं पाणी या भागाला वळवण्याची सोय कधी होणार? मूळ मसुद्यात हा तिसरा होता. तो पहिला केला आणि खाली लिहिलं: 'साहेब, यात मुदत मागितली आहे, हाच आधी विचारा. प्रस्तावना नको. दुसरा प्रश्न घेऊ देतीलच याची खात्री नाही.'