फाउंडेशनचे दावे चेहऱ्यावर तपासून पाहा

'16 तास टिकणार', 'घामाने निघणार नाही', 'एसपीएफयुक्त'... फाउंडेशनच्या बाटलीवर इतकी आश्वासने असतात की कोणती बाटली घ्यावी हेच कळत नाही. तुमचाही असाच गोंधळ उडतो का?

मावसबहिणीच्या लग्नासाठी मी मल्लेश्वरमच्या संपिगे रोडवरील एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मनगटावर थेंब लावला आणि म्हणाली, ''मॅडम, दोन शेड उजळ घ्या, फोटो छान येतील.'' दुकानातल्या झगमगाटात मलाही ते पटले. 799 रुपये दिले. घरी खिडकीजवळ आरसा धरला तर चेहरा राखाडी आणि मान सावळी! दुपारी आठव्या क्रॉसच्या बाजारात फिरले, तर चार तासांतच नाकाजवळ चट्टे उमटले. उघडलेली बाटली दुकानदाराने परत घेतली नाही.

चूक अर्धी माझीही होती. मी दावा वाचला, पण तपासला नाही.

दाव्यांचा अर्थ समजून घ्या

'16 तास' या शब्दांपुढे चांदणी असेल तर खालचा बारीक मजकूर वाचा. चाचणी किती जणींवर झाली, यंत्राने मोजले की केवळ वापरणाऱ्यांचे मत विचारले, हे तिथेच कळते.

'एसपीएफ' प्रयोगशाळेत मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर लावतात. फाउंडेशन एवढे कोणीच लावत नाही. म्हणून सनस्क्रीन वेगळे लावा.

'डर्मेटोलॉजिकली टेस्टेड' म्हणजे चाचणी झाली एवढेच. निकाल काय लागला, ते हे शब्द सांगत नाहीत. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून 24 तास पाहा. खाज किंवा लाली आली तर ते चेहऱ्याला लावू नका.

शेड अशी निवडा

मनगटाचा रंग चेहऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो. म्हणून फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर उजेडात पाहा. त्वचेवरच्या तेलात मिसळून काही फाउंडेशन थोड्या वेळाने गडद होतात, तेव्हा लगेच पैसे देऊ नका.

दुसऱ्या खेपेला मी तेच केले. जबड्यावर तीन शेडच्या रेघा ओढून घेतल्या आणि व्यंकोजीराजांशी नाव जोडले गेलेल्या काडू मल्लेश्वर मंदिरापर्यंत चालत जाऊन आले. अर्ध्या तासाने एक रेघ दिसेनाशी झाली होती. तीच माझी शेड, उजळ नाही, माझ्याच रंगाची!

खरेदी करताना

बाटलीवर बॅच नंबर, उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम तारीख आहे का ते पाहा. उघड्या डबीच्या चिन्हातील '12एम' म्हणजे उघडल्यानंतर 12 महिने.

जाहिरात दिशाभूल करणारी वाटली तर गप्प बसू नका. 1985 साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे म्हणजेच 'एएससीआय'कडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

माझे दुसरे फाउंडेशनही 16 तास टिकले नाही. सातव्या तासाला नाकावर टिश्यू टिपावाच लागला. पण लग्नात मावशीने विचारले, ''अगं, आज मेकअप केलाच नाहीस का?'' त्या सातशे नव्याण्णव रुपयांनी जे जमले नव्हते, ते उन्हात उभे राहून शेड पाहिल्याने जमले.