घोड नदीकाठचे एक प्राचीन खेडे

'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द तुम्ही खेड्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असतील. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची. एकाच जागी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, की चुलीतील राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे आणि खापरे यांचे थर साठत जातात व तेथील माती फिकट, भुरभुरीत होते. नदीकाठच्या काळ्या रानात मध्येच असे पांढरट टेकाड दिसले आणि त्यावर रंगीत खापरे पडलेली असली, की येथे पूर्वी गाव नांदत होते असे पुरातत्त्वज्ञ ओळखतो.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे अशीच टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. तेथे राजवाडा निघाला नाही की सोन्याचे हंडे निघाले नाहीत. निघाले ते शेतकऱ्यांचे एक साधे खेडे. त्यात इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वस्ती झाली आणि सुमारे ७०० पर्यंत ती टिकली.

हे वय कसे ठरविले? सजीवांच्या शरीरात किरणोत्सर्गी कार्बन-१४ अल्प प्रमाणात असतो. झाड मेले की तो नव्याने येणे थांबते आणि असलेला घटू लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. म्हणून चुलीतील कोळशात मूळच्या १०० भागांपैकी सुमारे ६९ भाग उरले असतील, तर ते लाकूड अंदाजे ३,१०० वर्षांपूर्वीचे, हे गणिताने सांगता येते. ही पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी शोधली. त्याबद्दल त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या गावातून एक फेरी मारू या. घरे चौकोनी, कुडाच्या व मातीच्या भिंतींची. आत चूल, जवळ धान्य साठविण्याचे बळद. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला जोडून धान्याचे कोठार. एका कुटुंबाला एवढे धान्य कशाला लागेल? हे गावच्या प्रमुखाचे घर असावे आणि गावकऱ्यांकडून आलेले धान्य येथे साठत असावे, असे अनुमान ढवळीकरांनी काढले. याच गावात पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसविलेला सांगाडा सापडला. इतर प्रौढांना जमिनीत उताणे पुरलेले असताना, या माणसाचा मान वेगळा होता हे उघड आहे. लहान मुलांना मात्र दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घरातील जमिनीखालीच पुरीत.

गावकरी खात काय? धान्य कुजते, पण आगीत जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, कारण सूक्ष्मजंतूंना त्यात खाण्याजोगे काही उरत नाही. अशा जळक्या दाण्यांवरून जव, गहू, कडधान्ये व तीळ ही पिके ओळखता आली. हाडांवरून गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, हरणे, मासे आणि कासवेही कळली. जव आणि गहू ही रब्बीची पिके. शिरूरचा भाग कमी पावसाचा. मग पाणी कोठून येई? उत्खननात नदीच्या बाजूस एक कालवा व त्यालगत दगडमातीचा बांध निघाला. पुराचे पाणी वळवून घेण्याची ही युक्ती तीन हजार वर्षांपूर्वीची!

इ. स. पूर्व १००० नंतरच्या थरांत चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गव्हाचे दाणे कमी होतात आणि शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. पाऊसमान घटले, शेती पुरेनाशी झाली आणि लोक गुरेमेंढ्या घेऊन भटकू लागले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. झोपडीचा आकार हा पुरावा आहे. अवर्षण हे त्यावरून काढलेले अनुमान आहे. तीन निरनिराळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवितात, म्हणून ते अनुमान वजनदार ठरते.

हे सारे कळले, कारण थर जागच्या जागी होते. वरच्या थरातील खापर खालच्या थरात मिसळले, तर त्याचे वय हरवते. आपल्याकडे पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात, टेकाडे सपाट करतात. आणि कोणी न पाहिलेले गाव एका उन्हाळ्यात नाहीसे होते. तुमच्या गावाजवळ असे टेकाड असेल तर ते उकरू नका. त्याची जागा, नदीपासूनचे अंतर आणि वर दिसणाऱ्या खापरांचे रंग वहीत टिपा, नकाशा काढा व तो शिक्षकांना दाखवा. पुरातत्त्वज्ञाचे कामही असेच सुरू होते. कुदळ नंतर येते.