सर्वेवाली ताई दारात आली तर परत पाठवू नका; तुमच्या एका उत्तराचे काय होते ते वाचा

यवतमाळ : २०१९ ची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस. आमच्या दारात दोन पोरी आल्या, खांद्यावर बॅग, हातात छोटा कॉम्प्युटर. घरात माणसं किती, संडास आहे का, स्वयंपाक कशावर करता, असे प्रश्न सुरू झाले. आमची म्हातारी घाबरली. म्हणे, "आमचं राशन कापाले आल्या का व माय?"

राशनचा काहीच संबंध नव्हता. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा भाग होता. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयासाठी हे काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पहिली फेरी १९९२-९३ ला झाली, पाचवी २०१९-२१ ला, सहावी २०२३-२४ ला.

आपलेच घर का?

शेतकऱ्याला हे लवकर समजते. माती परीक्षणाला आपण सगळ्या वावराची माती नेत नाही. आठ-दहा ठिकाणची घेतो, पण उकिरड्याजवळची घेत नाही, नाहीतर रिपोर्ट चुकतो. इथेही तसेच आहे. आधी गावे निवडतात, मग गावातल्या घरांची यादी करून ठराविक अंतराने साधारण २२ घरे घेतात. सरपंचाचे घर घ्या, गरिबाचे सोडा, असे चालत नाही. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३१ हजारांवर घरे झाली.

एकदा निवडलेले घर बदलता येत नाही. म्हणून त्या पोरी पुन्हा पुन्हा येतात. पण घर ऊसतोडीला गेले असेल आणि कुलूप असेल, तर त्या घराचे दुखणे आकड्यात येतच नाही. पुसद, उमरखेड, दिग्रसकडल्या तांड्यांना हे वेगळे सांगायला नको.

आकडे काय सांगतात?

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्त कमी असलेल्या २०१५-१६ ला १०० मागे ४८ होत्या. पाचव्या फेरीत ५४ झाल्या. पाच वर्षांखालच्या लेकरांमध्ये तर ५४ वरून ६९ झाले. दवाखान्यात बाळंतपण ९० वरून ९५ वर गेले, म्हणजे ते सुधारले. पण रक्त वाढले नाही. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, ताटात मात्र तेच राहिले. घरोघर विचारले नसते, तर हे कोणाला कळले असते? गोळ्या किती, पोषण आहार किती, याचा हिशोब मांडताना सरकार अन् अभ्यासक हेच आकडे समोर ठेवतात.

खोटे सांगून कोणाचे नुकसान?

आपल्याकडे पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी झाले तरी अठरा सांगतात. केस होईल ही भीती. सर्वेत नाव गुप्त राहते, छापून येतो तो फक्त एकूण आकडा. पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायांपैकी १०० मागे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. सगळ्यांनीच अठरा सांगितले तर कागदावर गाव सुधारते, अन् पोरींसाठी काही करायची गरजच उरत नाही.

आणखी एक. बाईला प्रश्न विचारताना सासू अन् नवऱ्याने बाजूला बसू नये. काही प्रश्न मारहाणीचेही असतात. सगळ्यांसमोर कोणती सून खरं बोलेल?

हे ध्यानात ठेवा

• ओळखपत्र पाहा. शंका आली तर आशाताई, सरपंच किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
• बँकेत खाते आहे का, एवढे विचारू शकतात. ओटीपी किंवा पिन कधीच नाही. पैसेही घेत नाहीत. असे कोणी मागितले तर तो सर्वेवाला नाही.
• नको असलेल्या प्रश्नाला नाही म्हणता येते. रक्त द्यायलाही जबरदस्ती नाही.
• वजन, बीपी, शुगर तपासली तर आकडा विचारून लिहून ठेवा.

आमच्या घरी त्या दिवशी बायकोच्या बोटाला टोचले. हिमोग्लोबिन ८ निघाले. १२ च्या वर पाहिजे होते. ती वर्षभर म्हणत होती, दम लागते, चक्कर येते. आम्ही म्हणत होतो, वेचणीचा थकवा आहे. मग आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, हेही तिथेच कळले. म्हातारी आता स्वतःच गोळीची आठवण देते.

सर्वे आपल्या घरी येईलच असे नाही. पण तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते. बाईला दम लागत असेल तर वेचणी संपायची वाट पाहू नका.