विरोधातील शहाणपण

संस्थेची रचना, यंत्रसामग्री किंवा कामाची पद्धत बदलताना तेथील माणसांना त्या बदलात सामावून घेण्याच्या प्रयत्नाला बदलाचे व्यवस्थापन म्हणतात, आणि त्यातील सर्वांत अवघड प्रश्न कर्मचाऱ्यांच्या विरोधाचा असतो. हा विरोध अज्ञानातून किंवा जुन्याच्या मोहातून येतो, असे व्यवस्थापक पुष्कळदा गृहीत धरतात. परंतु रोजगार, वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य किंवा सहकाऱ्यांमधील मान यांपैकी काही हातचे जाणार, हे ज्याला दिसते तोच विरोधाला उभा राहतो, आणि कामाचा रोजचा अनुभव त्याच्यापाशीच असल्याने त्याच्या आक्षेपात योजनेच्या उणिवाही दडलेल्या असतात.

याचे एक उदाहरण रायपूरच्या पश्चिमेकडील भिलाईशी जोडलेले आहे. तेथे 1959 मध्ये सुरू झालेल्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींमध्ये हजारो ठेकेदारी कामगार हाताने खनिज फोडत आणि भरत असत. 1977 मध्ये या कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. पुढे दल्लीच्या खाणीत पूर्ण यांत्रिकीकरणाची योजना आली, तेव्हा संघाने केवळ नकार न देता अर्ध-यांत्रिकीकरणाचा, म्हणजे काही टप्पे यंत्रांकडे आणि उरलेले कामगारांच्या हाती ठेवण्याचा, पर्याय खर्चाच्या हिशेबासह मांडला. व्यवस्थापनाने तो स्वीकारला, आणि हजारो कुटुंबांची रोजीरोटी त्या काळापुरती वाचली.

याच्या उलट चित्र बस्तरमधील बैलाडिला येथे दिसले. तेथे यंत्रे आल्यावर ठेकेदारी कामगारांची मोठी कपात झाली, असंतोष पेटला, आणि 5 एप्रिल 1978 रोजी किरंदुल येथे पोलीस गोळीबार झाला. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो कामगारांचे म्हणणे निर्णयात उतरले की नाही, यामुळे.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची नवी पद्धत ज्या गटाला नुसती कळवण्यात आली, त्याचे उत्पादन घसरले ते सावरले नाही, आणि पहिल्या 40 दिवसांत त्यातील 17 टक्के कामगार नोकरी सोडून गेले. याउलट, ज्या गटांतील प्रत्येकाला पद्धत ठरवण्यात सहभाग मिळाला, त्यांचे उत्पादन लवकरच पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी वाढले आणि त्यांतून कोणीही नोकरी सोडली नाही.

म्हणून कर्मचाऱ्यांशी चर्चा योजना पक्की होण्यापूर्वीच व्हायला हवी. निर्णय झाल्यानंतर बोलावलेली बैठक केवळ सूचना देते, आणि अशा बैठकीतील मौनाला संमती समजणे ही पुढील संघर्षाची सुरुवात ठरते. अर्थात, प्रत्येक विरोध योग्यच असतो असे नाही. परंतु तो योग्य आहे की अयोग्य, हे ऐकून घेतल्याशिवाय ठरवता येत नाही. यंत्रांना अडवणारे म्हणून ज्यांच्याकडे पाहिले गेले, त्या दल्ली-राजहराच्या कामगारांनीच 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले, आणि ते आजही रुग्णांची सेवा करीत आहे.