झाडू न फिरलेली माती

"वहाणा भायेर काढा, सायेब. माती घ्या हवी तर, पण काटकी न्यायची न्हाई." १९७८ च्या मार्गशीर्षात भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या एका देवराईच्या तोंडाशी गुरवमामांनी मला बजावलं आणि पुढे नोकरीभर मी तो नियम पाळला. अनवाणी पाय पालापाचोळ्यात घोट्यापर्यंत गेले. वर कोरडी, चुरचुरणारी पानं. त्याखाली ओली, काळी पडलेली, नुसती शिरांची जाळी उरलेली. त्याहून खाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना शिवून टाकलेली. हा थर हलकेच उचलला की चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती लागायची. ती मी आधी नाकाशी धरायचो. मातीचा अभ्यास नाकापासून सुरू व्हावा, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

कारण तो वास जिवाणूंचाच. स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू जे द्रव्य बनवतात त्याला १९६५ साली जिओस्मिन हे नाव मिळालं. जिवाणूला सुगंधाचा काय उपयोग, हे कोडं मला कित्येक वर्षं छळत होतं. २०२० साली ते बरंचसं सुटलं. मातीतल्या स्प्रिंगटेल नावाच्या इवल्या उड्या मारणाऱ्या जीवांना हा वास बोलावून आणतो. ते जिवाणू खातात आणि बीजाणू अंगाला लावून, विष्ठेतून दूर नेतात. वडाची फळं खाऊन पाखरं बी पेरतात, तोच व्यवहार इथे टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत चालतो.

बायरिंकने १८८८ मध्ये मुळांवरच्या गाठींतला जिवाणू वेगळा केला, विनोग्राडस्कीने नायट्रीकरणाचा माग काढला. हे सगळ्यांनी शिकलेलं आहे, तिथे थांबत नाही. आमच्या पिढीला हलवलं ते १९९० च्या एका शोधनिबंधाने. नॉर्वेच्या व्हिग्दिस टॉर्सविक यांनी जंगलातल्या मातीतून सरळ डीएनए काढला, त्याचे पदर विलग केले, ते पुन्हा जुळायला किती वेळ लागतो हे मोजलं आणि थोडक्या मातीत सुमारे ४००० निरनिराळे जीनोम असल्याचा हिशेब मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या शंभरांतला जेमतेम एखादा प्लेटवर उगवतो हे आम्हाला ठाऊक होतं; उरलेल्यांची गर्दी केवढी, ते त्या दिवशी कळलं. मग जनुकवाचनाचा सपाटा सुरू झाला, आणि ज्यांना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं ते अ‍ॅसिडोबॅक्टेरिया जंगलाच्या मातीतले बडे रहिवासी ठरले.

'जंगल जितकं घनदाट, तितके मातीत जिवाणूंचे प्रकार जास्त' हे वाक्य प्रत्येक परिसंवादात कुणीतरी म्हणतंच. देवरायांवर प्रेम करणारी, माझ्याच बाजूची माणसं ते म्हणतात, म्हणून अधिक लागतं. ते चूक आहे. २००६ साली नोआ फायरर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी उत्तर व दक्षिण अमेरिकेतल्या ९८ ठिकाणच्या मातीची तुलना केली, तेव्हा जिवाणूंची विविधता सगळ्यात जास्त सामूवर ठरते असं निघालं. उदासीन सामूच्या मातीत प्रकार जास्त, आणि ॲमेझॉनच्या जंगलातली आम्ल माती तळाशी! आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो, जांभा उरतो, माती आंबट होते. नुसती मोजदाद केली तर सोलापूरकडचं काळं रान देवराईला मागे टाकू शकेल. देवराई राखायची ती आकड्यासाठी नाही. तिथे कोण राहतं, यासाठी. आम्ल मातीतही नत्र बांधणारा बायजेरिंकिया तिथे राहतो. आणि माझे अ‍ॅक्टिनोमायसीट्स राहतात.

त्यांच्यावर माझा जीव आहे. स्ट्रेप्टोमायसिस त्यांच्यातलाच. १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसीन सापडलं ते याच कुळात, आणि क्षयरोग्यांना पहिल्यांदा आशा दिसली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं हमायसीन शोधलं, तो जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या एका गावाचं नाव जिवाणूला मिळालं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

त्यांना वाढवायचं तर धीर हवा. माती आठवडाभर सावलीत वाळवायची, मग ५५-६० अंशांवर कोरडी तापवायची. भराभर पसरणारे नाजूक जिवाणू मरतात, बीजाणू तगतात. खायला फक्त कायटिन किंवा ह्यूमिक आम्ल. बुरशी रोखायला सायक्लोहेक्सिमाइड. तापमान २८ अंश, आणि तीन आठवडे झाकण उघडायचं नाही. दुसरा आठवडा सरताना खडूची भुकटी सांडावी तसे ठिपके येतात: राखाडी, फिकट गुलाबी. लूपने उचलायला जावं तर उचलत नाहीत, अगारमध्ये मुळं रोवल्यासारखे घट्ट बसलेले असतात. त्या देवराईतल्या हिरड्याखालच्या मातीतून एक जांभळट यायचा. प्लेट उलटी धरली की त्याचा रंग अगारमध्ये पाझरलेला दिसे, आणि झाकण उचललं की खोलीत देवराई येई.

आता माती किटमध्ये जाते, डीएनए कंपनीकडे जातो आणि महिन्याभरात हजारो नावांची यादी येते, त्यातल्या कितीतरींपुढे 'अनकल्चर्ड', म्हणजे कधी न वाढवलेला, असा शिक्का. त्या यादीची किंमत मी जाणतो. तिच्याशिवाय अ‍ॅसिडोबॅक्टेरिया दिसलेच नसते. पण 'वाढवण्याचे दिवस गेले' असं एका तज्ज्ञाने भर सभेत सांगितलं, ते मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियात पीटर जॅन्सेन यांच्या गटाने अन्न पातळ केलं, महिनोन् महिने वाट पाहिली आणि 'न वाढणारे' वाढवून दाखवले. २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक मिळालं ते जिवाणूला त्याच्याच मातीत ठेवून वाढवल्यामुळे. डीएनएवरून नाव कळतं, औषधी द्रव्य बनवणारी जनुकंही कळतात. पण ते द्रव्य हातात पडायला बहुतेकदा जिवाणू जिवंत लागतो.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांची पाहणी केली ती झाडांसाठी. त्यांच्या मागून आम्ही मातीसाठी हिंडलो. वाढवलेल्या जिवाणूंच्या तीनशेवर नळ्या जमल्या होत्या. मी निवृत्त झाल्यावर खोली रिकामी करायची म्हणून त्या ऑटोक्लेव्ह करून फेकून दिल्या गेल्या. मला कळलं ते चार महिन्यांनी. जांभळटाचा नंबर माझ्या वहीत आहे, जिवाणू कुठेच नाही.

यंदा पावसाळा सरल्यावर त्या देवराईत पुन्हा गेलो. मामा गेले. देवळाचा जीर्णोद्धार झाला आहे, स्लॅबचा मंडप, कमानीपासून गाभाऱ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. मामांचा मुलगा रोज पहाटे पानं झाडून जाळतो. "बघा सर, किती स्वच्छ केलंय," म्हणाला, आणि ते त्याने मनापासून केलं होतं. हिरड्याभोवती सिमेंटचा पार आहे. मागच्या अंगाला, ओढ्याकडे, झाडू न पोहोचलेला पाच-सात पावलांचा तुकडा मात्र उरला आहे. तिथे वहाणा काढून बसलो, चमचाभर माती घेतली. एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या लॅबमध्ये जागा दिली.

प्लेटचा आज अठरावा दिवस. राखाडी आलेत, गुलाबीही दोन आलेत. जांभळट अजून दिसलेला नाही.