कोरा राहणारा रकाना

काजूचा हंगाम म्हणजे सत्तरीतील कष्टकऱ्याने चार पैसे गाठीस बांधण्याचे दिवस. नेमक्या याच दिवसांत रानातील गोचिडीच्या दंशाने माकडताप पसरतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग २०१५ साली सत्तरीतील पाली गावात प्रकट झाला, तेव्हा तो केवळ परमुलखातला आहे हा आपला भ्रम दूर झाला. शंभर रोग्यांमागे तीन ते पाच जणांचा तो बळी घेतो.

अशा तापाला ‘व्हायरल आहे, उतरेल’ असे म्हणून वाटेला लावणे सोपे. डेंग्यू, माकडताप आणि साधा फ्लू यांचा आरंभ सारखाच: ताप, डोकेदुखी, अंगदुखी. त्यांतील भेद केवळ नाडी पाहून कळत नाही; तो प्रयोगशाळेतच शोधावा लागतो. मात्र रक्तही रोज एकच साक्ष देत नाही. माकडतापात पहिल्या आठवड्यात विषाणू स्वतः रक्तात वावरत असतो. पीसीआर चाचणी त्याचा माग काढते. चार-पाच दिवसांनंतर शरीर प्रतिपिंडे घडवू लागते. ती एलायझा चाचणीत दिसतात. दुसऱ्याच दिवशी प्रतिपिंडे शोधली तर ती सापडणार नाहीत. तिसऱ्या आठवड्यात विषाणू शोधला तर तो निसटून गेलेला असेल. दोन्ही वेळा कागदावर ‘निगेटिव्ह’ उमटेल आणि खरा रोग झाकलेलाच राहील.

म्हणूनच रक्ताच्या नळीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीवरील ‘ताप कधी आला’ हा रकाना आम्हांस लाखमोलाचा वाटतो. तो कोरा राहिला, तर निष्णात तज्ज्ञानेही अहवालाचा अर्थ लावावा कसा?

या रोगावर हमखास औषध नाही, मग चाचणीचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. निदान झाले तर रक्तस्रावावर वेळीच नजर ठेवता येते, अ‍ॅस्पिरिनसारखी घातक ठरणारी गोळी टाळता येते, आणि एका रोग्यावरून साऱ्या वाड्याला सावध करता येते.

आरोग्यखात्याने तारखेविना नमुना स्वीकारू नये. डॉक्टरांनी ती विचारल्याविना सुई उचलू नये. आणि रानात जाणाऱ्या प्रत्येक घराने, अंग तापताच, भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या दिवसावर खूण करावी. एवढ्याशा खुणेला खर्च काहीच नाही; तिच्या अभावी मोजावी लागणारी किंमत मात्र एखाद्या घरचा कर्ता पुरुष असू शकते.